डोळ्यातली बारीक नस
स्पिरिटचा वास आला की मला बीडचा तो डोळ्यांचा दवाखाना आठवतो. गावात घराघरांत रंगीत टीव्ही येऊ लागले होते, ते दिवस. वडवणीत आमचं किराणा दुकान होतं. एका सकाळी वडिलांना उजव्या डोळ्यानं अचानक दिसेनासं झालं, म्हणून मी त्यांना एसटीनं बीडला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "रक्तात चरबी फार वाढलीय. त्यानं डोळ्यातली बारीक नस बंद पडलीय. ही नजर परत येणार नाही. आता हृदयाला जपा." बाहेर उन्हात वडिलांनी चांगला डोळा तळहातानं झाकला, माझ्याकडं तोंड केलं आणि हळूच म्हणाले, "बाई, जरा बोल. तू कुठं हायस ते कळंना." मी त्यांचा हात धरला. त्या दिवसापासून आई त्यांच्यासाठी बिनतेलाचा स्वयंपाक करू लागली आणि स्वतःही तेच जेवू लागली. "तुमी एकट्यानं का म्हून खायचं असलं?" म्हणायची. त्याच हिवाळ्यात वडील दुकानात बसल्या बसल्या गेले. आजही मी माहेरी गेले आणि फोडणीचं वरण वाढू लागले, की आई ताटावर हात आडवा धरते आणि बिनतेलाच्या वरणाकडं बोट दाखवते. म्हणते, "मला त्यांच्यातलंच वाढ, बाई."