कासवाचा पाला

शिरोलीच्या फाउंड्रीतून निवृत्त झाल्यावर आमचे हे खुर्चीला जे चिकटले, ते दोन वर्षं हललेच नाहीत. काही विचारलं तर "व्हय", नाही विचारलं तर तेवढंही नाही. मी ओरडून ओरडून थकले. मग परदेशी निघालेल्या पुतण्यानं आपलं पाळलेलं कासव आमच्या गळ्यात मारलं आणि हे उठले.

उठले ते थेट घरामागच्या परड्यात. कासवाला काय चालतं हे मोबाइलवर बघायचं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारायचं, एकेक पान तोडून हुंगायचं. जास्वंद, दूर्वा, शेवग्याचा पाला चालतो. घाणेरी, रुई, क्रोटन बाद. मी हौसेनं लावलेली कण्हेर ह्यांनी मुळासकट उपटली.

"हे खाल्लं तर मरंल की गं त्ये!"

मी तोंडदेखलं भांडले, पण आतून हरखले होते. एवढं लांब वाक्य ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं होतं, ते मला आठवत नव्हतं.

आमच्याकडे निर्माल्य पायदळी पडू देत नाहीत, झाडाच्या बुंध्याशी ठेवतात. त्यात देवळात देवापुढं दगडी कासव असतं. त्याला हात लावल्याशिवाय हे कधी पुढं गेले नाहीत. तेव्हा देवावरची कालची फुलं आपल्या कासवाच्या पोटात गेली तर किती बरं, असं ह्यांना वाटलं. मलाही वाटलं. पूजेची फुलं शेजारीण द्यायची. एके दिवशी त्यात बिट्टीची पिवळी फुलं होती. बिट्टी कण्हेरीच्याच गोतातली, तितकीच विषारी. परड्यातलं पान न् पान तपासणाऱ्या माणसानं ती न बघताच आपल्या हातानं कासवाला भरवली. देवाच्या अंगावरून उतरलेलं कोण तपासतं?

डॉक्टरांनी खूप धडपड केली. संध्याकाळी कासव गेलं.

"देवाचीच न्हवं ती फुलं?" हे मला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मग हे पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. मला कासवाचं रडू आलं नाही. त्या खुर्चीकडे बघून आलं. मोठ्या मुश्किलीनं परत मिळालेला माणूस पुन्हा गेला होता, आणि ह्या वेळी त्याला उठवायला माझ्याकडे काही नव्हतं.

परवा लेक आपलं पहिलं बाळ घेऊन आली. "बाबा, घ्या की," म्हणत ती ह्यांच्यापुढं वाकली.

ह्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"माझ्या हातात नगं दिऊस, पोरी."