वहिनीची काळी नखं

माझ्या वहिनीची नखं काळी होती आणि त्या नखांवर मी जळत असे. लोक दुसऱ्याच्या दागिन्यांवर जळतात, गोऱ्या रंगावर जळतात. मी ऑइलने माखलेल्या नखांवर जळले. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात बंगल्यांच्या हिरवळी कापून द्यायचं काम बाबा घेत. त्यासाठी पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं एक जुनं यंत्र त्यांनी विकत घेतलं होतं. दिवसभर एक गडी ते सिव्हिल लाइन्समध्ये फिरवायचा आणि संध्याकाळी आमच्या अंगणात आणून उभं करायचा. पुढची सगळी देखभाल बाबांची. घरामागच्या टिनाच्या खोलीत ते यंत्र राहायचं, आणि त्या खोलीत शिरायची मला बंदी होती.

पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं, आणि तांदूळ निवडताना डोळे कुठे फिरवावेत यावर काही बंदी नव्हती. बघून बघून मला सगळं पाठ झालं होतं. इंजिन गरम असताना पेट्रोल ओतायचं नाही, आणि ओतायचं ते उघड्या अंगणात. पात्याजवळ हात न्यायच्या आधी प्लगची वायर काढायची, नाहीतर हाताने नुसतं पातं फिरवलं तरी इंजिन एक उसळी घेतं आणि बोटं जातात. तेल बघायचं ते यंत्र सपाट जागेवर ठेवून. इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांत अडकलेलं गवत रोजच्या रोज काडीने काढायचं, नाहीतर ते तापतं. हे सगळं करताना बाबा त्या यंत्राशी हळू आवाजात बोलत. माझ्याशी ते इतकं कधी बोलले नाहीत.

मग बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. प्लगच्या टोकातली बारीक फट त्यांना दिसेना. माझा भाऊ उमरेडजवळच्या कोळसा खाणीत नोकरीला, तो एस.टी.ने रविवारचा येणार आणि दिवसभर झोपणार. आता पाळी माझीच, असं मी मनाशी धरून चालले. हात धुऊन अंगणात गेले आणि म्हणाले, “बाबा, मले द्या पाना.”

“तुले नाही,” बाबा म्हणाले. “तुले पाहाले लोक येऊन राहिले. हात काळे दिसले तं काय म्हणतीन?”

आणि त्यांनी आत हाक मारली, “सूनबाई, जरा इकडे ये.”

वहिनी जवळच्याच खापा गावची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, वयाने माझ्याहून लहान. सासऱ्यासमोर यायचं म्हणून डोक्यावर पदर घेऊन आली. बाबांनी तिला पहिला धडा दिला तो पदराचा. “डोक्यावरचा पदर काढ अन् कमरेले खोच. लोंबला तं यंत्रात जाईन.” आईने आतून कपाळावर हात मारला. सुनेने सासऱ्यासमोर डोकं उघडं टाकलं, तेही सासऱ्याच्याच हुकमाने! मला मात्र त्या पदराचं काही नव्हतं. मला त्या पान्याचं होतं. तिचं लग्न झालेलं होतं, म्हणून तिचे हात काळे झाले तरी चालत होते. माझे हात कुणीतरी बघायला येणार होतं म्हणून गोरे ठेवायचे होते. आई मला आठवड्यातून दोनदा हाताला साय-हळद चोळायला लावायची. मी दात-ओठ खात चोळायची.

वहिनी शिकली. नुसती शिकली असती तरी मी गिळलं असतं; तिला ते आवडलं. प्लग ब्रशने घासून उजेडात धरायची तेव्हा तिचा चेहरा असा खुलायचा, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एके दिवशी तिने पहिल्या झटक्यात दोरी ओढून यंत्र सुरू केलं आणि बाबा म्हणाले, “शाबास!” मी खिडकीत होते. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा हेच बाबा मला म्हणाले होते, “बरं झालं.” त्या रात्री मी जेवले नाही. वहिनीच ताट घेऊन आली. ताटाला लागलेल्या तिच्या अंगठ्याचं नख काळं होतं. मी ताट परत पाठवलं.

त्या वर्षीच्या खांडेनवमीला हत्यारांची पूजा करायची म्हणून टिनाची खोली सारवली. यंत्र वहिनीने असं पुसलं होतं की त्यात तोंड दिसावं. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. माझ्या वाट्याला रांगोळी. म्हणजे त्या खोलीत मला शिरायला मिळालं ते ठिपके काढायला. मी यंत्राच्या भोवती आणि खाली अशी रांगोळी काढली की वहिनीच्या चकचकाटाकडे कुणाचं लक्षच जाऊ नये.

आई निरांजन घेऊन आली. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून दार ओढून घेतलेलं, ऑक्टोबरचं ऊन, वरचा टिन तापलेला. आरतीसाठी सगळे उभे राहिले, आणि मला माझ्या रांगोळीचा एक कोपरा ओला दिसला. पांढरी रांगोळी करडी होत चालली होती. मला आधी रागच आला, पाणी कुणी सांडलं म्हणून. मग वास आला.

दर वर्षी बाबा पूजेच्या सकाळी टाकी रिकामी करत. हे वहिनीला सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. आणि वहिनीने नेमकी उलटी गोष्ट केली होती. सकाळी अंगणात, थंड यंत्रात, सगळे नियम पाळून तिने टाकी गळ्यापर्यंत भरली होती. सणाच्या दिवशी पूजेला उपाशी कसं बसवायचं, असं तिला वाटलं. टाकीखालचा पेट्रोल बंद करायचा कॉक नीट बसला नव्हता आणि थेंब थेंब गळत होता. आईने निरांजन यंत्राच्या दिशेने पुढे केलं.

ओरडायला वेळ नव्हता. मी उजवा तळहात ज्योतीवर दाबला. वात विझली, तापलेलं तूप हातावर पसरलं.

“काय केलं वं हे!” आई किंचाळली. “सणासुदीची आरती इझवली!”

“बाबा, वास घ्या,” मी म्हणाले.

बाबांना ओली रांगोळी दिसत नव्हती, पण नाक शाबूत होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दार उघडलं, सगळ्यांना बाहेर काढलं, गड्याला हाक मारून यंत्र अंगणाच्या पार टोकाला नेववलं. वहिनी पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मले माहीत नव्हतं, मामाजी, मले खरंच माहीत नव्हतं.” बाबा तिच्यावर रागावले नाहीत. याचाही मला राग आला.

मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि तळहात डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन पाहिला. मधोमध फोड येत होता. इतक्या जवळून बाबांनी मला पूर्वी कधी पाहिल्याचं आठवत नाही. दुखत होतं, तरी मी संधी सोडली नाही.

“आता हाताले डाग पडलाच, बाबा. आता तं पाना द्या.”

बाबांनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाले, “डाग राहिला तं देईन.”

रडणाऱ्या पोराला काहीतरी म्हणतात तसं ते म्हणाले असतील. मी मात्र तो शब्द धरून ठेवला. रोज सकाळी उठले की पहिला तळहात बघायची. भाजल्याचे डाग जात नाहीत, असं शेजारची काकू म्हणाली तेव्हा तिला मी चहा करून पाजला.

पण वहिनी हात धुऊन मागे लागली. सकाळ-संध्याकाळ न्हाणीजवळच्या कोरफडीचं पान कापून आणायची, माझा हात मांडीवर घ्यायची आणि त्या काळ्या नखांच्या बोटांनी गर इतका हळू लावायची की मला झोप यायची. माझ्या वाटची भांडी तिने घासली, माझे कपडे तिने धुतले. “पाण्यात हात नका घालू, ताई,” म्हणायची. “तुमच्या हाताले काही राहिलं तं मी स्वतःले माफ नाही करणार.” मी तिला टाकून बोलायची. ती हसायची आणि दुसरं पान कापायला जायची.

दिवाळीनंतर पाहुणे आले. मुलाच्या आईने माझा उजवा हात हातात घेतला, उताणा केला, पालथा केला. “हात सुरेख आहेत हो मुलीचे,” ती म्हणाली. बाबा चष्मा सावरत पुढे वाकले आणि तळहात बघून मागे टेकले. दाराआड वहिनी उभी होती, आनंदाने डोळे पुसत. तिने माझ्या हातावर तेवढा एक डागही राहू दिला नव्हता.