गगनबावड्याचं बकरं

आमच्या खानावळीत पहिल्या दिवशी मटण सोडून सगळं मिळालं.

आज मंगळवार पेठेत कुणालाही विचारा, आमची खानावळ बोटानं दाखवतील. परगावची माणसं जेवायला बसली की एकमेकांना माहिती देतात: इथं आधी रश्श्याची वाटी येते आणि मटण मागाहून, ही खास रीत थेट राजवाड्यातून आलेली आहे. मी गल्ल्यावरून मान डोलावतो. (राजवाड्यात मी एकदाच गेलो होतो, तेही चुकून, आणि पहारेकऱ्यानं मला दारातूनच परत पाठवलं.) खरी हकीकत निराळी आहे, आणि तिच्यात माझी जी शोभा झाली ती लपवून आता उपयोग नाही. सगळ्या पेठेला ती पाठ आहे.

महाराजांच्या राज्यात तेव्हा कुस्तीला भरतं आलं होतं. गल्लोगल्ली तालमी, आणि तालमींत मुलखातले पैलवान. पैलवान म्हटला की भूक आली. माझ्या बायकोच्या, म्हणजे पारूच्या, हाताला चव अशी की तिनं रस्सा फोडणीला टाकला की शेजारी काहीतरी निमित्त काढून उंबऱ्यात येत. मी कचेरीत कारकून होतो. एके दिवशी पारूनं सांगितलं, खानावळ काढायची. मी म्हणालो, विचार करू. तिचा विचार आधीच झालेला होता. महिन्याभरात माझी नोकरी सुटली (म्हणजे तिनं सोडवली!) आणि आत्तीच्या घराच्या पुढच्या सोप्यात चुली पेटल्या.

आत्ती म्हणजे माझ्या वडलांची बहीण. घर तिचं, म्हणून कायदाही तिचा. तिची अट एकच होती: पहिल्या हंड्यात जे बकरं शिजेल ते आधी देवीला दाखवायचं. रीत अशी की बकऱ्याला हळदकुंकू लावायचं, अंगावर पाणी शिंपडायचं आणि हात जोडून उभं राहायचं. बकऱ्यानं अंग झाडलं की देवीनं ते पदरात घेतलं, मग मुलाणी सुरी चालवणार. नाही झाडलं तर देवीची मर्जी नाही, सुरी म्यानात. मला यात काही अवघड वाटलं नाही. पाणी पडल्यावर अंग न झाडणारं बकरं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

बकरं आणायचं काम माझ्याकडं आलं. आसपासच्या बाजारातलं कसलंतरी किरकोळ बकरं आणणं मला कमीपणाचं वाटलं. मी थेट गगनबावड्याला जाऊन चांगलं दांडगं, काळंभोर बकरं घेऊन आलो. वाटेत भेटेल त्याला ते थांबवून दाखवलं.

मुहूर्त माघातल्या बुधवारचा होता. पेठेतल्या तालमीचे वस्ताद आपले निवडक पैलवान घेऊन दिवेलागणीला जेवायला येणार होते. त्यांनी रोखठोक सांगितलं होतं, जेवण पसंत पडलं तर सगळी तालीम आमच्याकडं जेवेल. नाही पडलं तर राम राम. आमचं सगळं त्या एका पंगतीवर होतं. कचेरीत माझ्या जागेवर साहेबांचा मेहुणा कधीच बसला होता.

दुपारी परसात बकरं उभं केलं. मुलाणीचाचा सुरी पाजळून बसले. आत्तीनं पाणी शिंपडलं, आम्ही हात जोडले. बकऱ्यानं आमच्याकडं पाहिलं. आम्ही बकऱ्याकडं पाहिलं. आत्तीनं तांब्या पालथा केला, तर बकऱ्यानं नाकावरून आलेला ओघळ चाटून घेतला. मग घागर झाली. शेवटी मी आडाचं पाणी शेंदून बादलीनं ओतायला लागलो, तेव्हा त्यानं डोळे मिटले. इतकं समाधान आमच्या घरात त्याआधी कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नव्हतं!

आत्तीनं विचारलं, "कुठनं आणलंस रं ह्ये?"

"गगनबावड्यास्नं," मी ऐटीत म्हणालो.

आत्तीनं रिकामा तांब्या खाली ठेवला. गगनबावडा! जिथं पाऊस एकदा सुरू झाला की माणसं उन्हाचा चेहरा विसरतात, तिथलं हे बकरं. जन्मल्यापासून भिजलेलं. आणि त्याला थरथरवायला मी बादली घेऊन उभा होतो. मुलाणीचाचांनी सुरी बाजूला ठेवली आणि पान काढलं.

म्हणाले, "गणपतराव, ह्येला पान्याचं काय कवतिक न्हाई. उन्हात धरा, बगू काय झाडतंय का."

उन्हात धरलं. ते नुसतं वाळलं. मी त्याच्या कानात फुंकर मारायला गेलो, तर आत्तीनं हात धरला. माणसानं ढवळाढवळ केलेला कौल देवीला चालत नाही. खाटकाकडून मटण आणतो म्हणालो, तर तिनं मला बादलीसकट कोपऱ्यात बसवलं. पहिल्या दिवशी दुसऱ्याच्या घरचं मटण शिजवलं तर गिऱ्हाईकही दुसऱ्याच्याच घरी जाईल, असं तिचं म्हणणं होतं. साहेबांच्या मेहुण्याला परत उठवता येईल का, याचा मी मनातल्या मनात अंदाज घ्यायला लागलो. पारूनं माझं तोंड पाहून ते ओळखलं आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

"चूल पेटल्या," ती म्हणाली, "आता इझायची न्हाई."

सोप्यात उजेड येईनासा झाला, तेव्हा पैलवान दारात आल्याचं कळलं. मंडळी पाटांवर बसली. (पाट दिसेनासे झाले.) वस्तादांनी मटण शिजलं का म्हणून विचारलं. मी घसा खाकरून देवीची इच्छा, हवामान वगैरे विषय काढत होतो, तोवर पारू चुलीपुढून म्हणाली, "मटान अजून परसात उभं हाय, वस्ताद. तंवर रस्सा घ्या."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. रस्सा म्हणजे मटण पडायच्या आधीचाच तो, नुसतं भाजलेलं खोबरं, कांदा, तीळ, खसखस आणि पारूची चटणी. वस्तादांनी वाटी तोंडाला लावली. कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी रिकामी वाटी पुन्हा पुढं केली. मग सगळ्यांच्या वाट्या पुढं आल्या. पारू ओतत होती, आत्ती भाकऱ्या थापत होती, आणि मटणाचं नाव कुणी काढत नव्हतं.

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण बकरं मी आणलेलं, माझी अब्रू त्याच्या कातड्यात अडकलेली. आत्तीचं लक्ष तव्यावर आहे असं बघून मी परसात गेलो, बादली भरली आणि मागून गपकन ओतावी म्हणून वाकलो. बकऱ्याला आता हा खेळ आवडायला लागला होता. ते वळलं, दोन पावलं मागं सरलं आणि मला अशी धडक दिली, की मी बादलीसकट गुरांच्या हौदात!

धप्प आवाज ऐकून सगळी पंगत वाट्या हातात धरूनच मागच्या दारात आली. मी हौदातून बाहेर निघालो. माघातली थंडी, आडाचं पाणी. डोक्यापासून पायापर्यंत असा काही थरथरलो, की पाण्याचे शिंतोडे पैलवानांच्या वाट्यांत गेले.

कुणी हसलं नाही, कारण आत्ती डोळे मिटून हात जोडून उभी होती. ती पुढं आली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "घेतलं गं आई तू. घेतलंस."

मुलाणीचाचा उठले आणि सुरी धडप्यात गुंडाळत म्हणाले, "ह्ये काम माज्यानं हुयाचं न्हाई."

मग मात्र वस्ताद भिंतीला टेकून हसले. हसणं आवरल्यावर पारूकडं वळून म्हणाले, "वैनी, उद्यापासनं तालीम हितंच जेवणार. मटान जमलं तर घाला, न्हाई तर रस्सा बास हाय." पारूनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती ते मला कळलं नाही. मी स्वतः मात्र रडलो, आणि अंग ओलंच असल्यानं ते कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्तीनं दुष्काळी माणदेशातलं बकरं आणवलं. त्यानं तांब्या दुरून बघूनच अंग झाडलं. गगनबावड्याचं बकरं म्हातारं होऊन मेलं. पण रश्श्याची वाटी आधी वाढायची रीत राहिली, आणि दुसरंही एक राहिलं. अजूनही जुनं गिऱ्हाईक दारातून हाक देतं, "वैनी, आज बकरं हाय न्हवं?"

आणि पारू आतून सांगते, "हायत की. गल्ल्यावर बसल्यात."