एकाच रेणूची दुसरी टेकडी

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीच मी आजवर मानलं नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. आमचं घर बौद्धांचं. मी चौथी शिकलेली. ओझरला एका कॅन्टीनमध्ये तीस वर्षं पोळ्या लाटल्या. तव्याला हात लागला की भाजतो, एवढं मला कळतं. गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते मात्र अजून कळलेलं नाही.

माझी भाची सुजाता नाशिकला एका कॉलेजात पीएच.डी. करते. तिची लॅब तळघरात आहे, द्वारका चौकाकडे जाणाऱ्या ट्रकांचा हादरा पोचू नये म्हणून. मशीन स्प्रिंगांवर टांगलेलं. आत बर्फाहून कितीतरी जास्त थंडी, गुळगुळीत तांबं आणि त्यावर सुटे सुटे रेणू. एका रेणूच्या डोक्यावर सुई न्यायची, टेकवायची नाही, आणि थोडी थोडी वीज वाढवत जायची. जेवढ्या विजेला रेणू थरथरायला लागतो, तिथे पडद्यावरच्या रेघेला टेकडी येते. तिच्या रेणूला एकच टेकडी यायला हवी होती.

मोजणी चालू असताना तिला खोली सोडता येत नाही. म्हणून दुपारी मी डबा न्यायचे आणि भिंतीजवळ स्टुलावर बसायचे. त्यांच्या वहीचा नियम कडक — खोलीत कोण आलं, कधी गेलं, सगळं लिहायचं. पान फाडायचं नाही.

त्या वहीमुळेच सापडलं. काही मोजण्यांत दुसरी टेकडी येत होती. सुजाताने वेळा जुळवल्या, तर मी बसलेली असताना घेतलेल्याच सगळ्या.

"मावशी, तुझ्या वजनाने काहीतरी हलत असेल," ती म्हणाली. माझं वजन केलं आणि तेवढीच वाळूची गोणी स्टुलावर ठेवली. टेकडी नाही.

"गोणीत आणि माझ्यात फरक काय गं?"

"गोणी मला लग्नाचं विचारत नाही."

मग मी मोबाइल, बांगड्या बाहेर ठेवून बसले. टेकडी आली. मी बसलेलीच असताना तिने सुई बाजूला, नुसत्या तांब्यावर नेली. टेकडी गेली. परत रेणूवर आणली, आली... मशीनची खोट असती तर तांब्यावरही दिसली असती, असं ती म्हणाली. हसणं थांबलं होतं तिचं. तिला मार्गदर्शन करणाऱ्या सरांची सही झाल्याशिवाय प्रबंध पुढे जात नाही.

सरांनी वही पाहिली. "हे दिवस गाळ. लोक हसतील. मावशींचं नाव कशाला घातलंस?"

"सर, त्या होत्या तिथे."

"पीएच.डी. हवी आहे ना?"

मी दारातच उभी होते. म्हटलं, "साहेब, मी बसते, तुम्ही मोजा. नाही आली तर ते पान मीच फाडते."

त्यांनी मला पडद्याकडे पाठ करून बसवलं. सात वेळा बाहेर काढलं, सात वेळा आत घेतलं. मी आत असले की यायची, बाहेर गेले की जायची. सर कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

तोवर कॉलनीत बातमी पोचली. शेजारची शकूबाई नारळ घेऊन आली. "तुमच्यात शक्ती हे. आमच्या पोराच्या नोकरीचं बघा."

"शक्ती असती तर गुडघे दुखले असते का? उचल तो नारळ."

आठवड्याने सरांनी बोलावलं. म्हणाले, पान राहू दे, खाली 'कारण सापडलं नाही' असं लिहू. साक्षीदार म्हणून माझं नाव. आणि शाईचं पॅड माझ्यापुढे सरकवलं... "अंगठा चालेल."

मी पॅड मागे सारलं, पेन मागितलं. पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. मग त्यांनी सही केली.

ते पान घेऊनच प्रबंध पुढे गेला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात आधी तेच पान उघडलं. हे कशाने झालं, विचारलं. सुजाता म्हणाली, माहीत नाही. मलाही माहीत नाही. पण झालंच नाही, असं माझ्या तोंडून कुणी वदवून दाखवावं.