कोऱ्या वहीतला पहिला शब्द

आमच्यात मागणं नाही. विहारात वंदनेला बसलो की आम्ही शरण जातो, पण कोणाकडे काही मागत नाही. मागितलेलं देणारा कोणी वर बसलेला नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि शिक्षिका झाल्यावर दुसऱ्यांनाही सांगत आले. पण माझी सुजाता पाच वर्षांची झाली आणि तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा माझी वंदना नुसती ओठांवर राहिली. आत एकच घोळत असायचं : हिनं एकदा मला आई म्हणावं. हे मी कोणाकडे मागत होते, मला माहीत नव्हतं. मागू नये एवढं माहीत होतं, आणि तरी मागत होते.

आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता. नार्नूरजवळच्या एका गावात, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत मी शिकवत होते. माझे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. सुजाता उशिरा बसली, तीन वर्षांची झाल्यावर चालली, आणि नजरेला नजर फार कमी द्यायची. डॉक्टर म्हणाले, वाढ हळू आहे, औषध नाही, शिकवणं हेच औषध. शिकवणं तर माझं रोजचं काम. मी तिला समोर बसवून, हातात बिस्किट धरून म्हणायची, "आई म्हण, मग देते." ती बिस्किटाकडे बघायची, मग रडायची, मग रडता रडता झोपून जायची. हे लिहिताना आज लाज वाटते. वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्या लेकराला मी असं कधी धरलं नसतं.

ती अगदीच मुकी होती असं नाही. एक आवाज ती काढायची, 'रा'. मी सकाळी शाळेला निघाले की उंबऱ्याशी उभी राहून हात हलवत 'रा, रा' करायची. सासूबाई तेव्हा मजुरीला जायच्या, म्हणून आधी दोन वर्षं मी शाळेत असताना शेजारच्या तेलुगू बाई तिला सांभाळायच्या. त्यांच्या नवऱ्याला बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत काम मिळालं, ते कुटुंब तिकडे गेलं, आणि तेव्हापासून हा आवाज वाढला. माझ्या सासूबाईंनी त्याचा अर्थ कधीच लावून ठेवला होता. आमच्या बोलीत 'राहा'चा 'रा' होतो. त्या चुलीपुढून म्हणायच्या, "आयक, पोरगी काय म्हंते ते. घरी रा म्हंते तुले. अन् तू चालली लोकायचे पोट्टे शिकवाले."

त्या बोलण्यानं तो आवाज मला टोमण्यासारखा वाटू लागला. सुजातानं 'रा' म्हटलं की मी तिच्या ओठांवर बोट ठेवायची.

निर्मलला अशा मुलांची एक शाळा आहे, असं कोणीतरी सांगितलं. मी बिनपगारी रजा काढली, तिथं एक खोली घेतली आणि तिला घेऊन राहिले. शाळा म्हणजे भाड्याच्या घरातल्या तीन खोल्या आणि चिंचेखालचं अंगण. चालवणाऱ्या मॅडम तेलुगू होत्या, माझ्याशी हिंदीत बोलायच्या. खेळणी निर्मलच्या नावाजलेल्या रंगीत खेळण्यांच्याच हलक्या लाकडाची, पण बिनरंगाची, कारण मुलं ती चावतात. तिथला नियम मला पहिल्या दिवशीच खटकला. मुलाला 'म्हण' असं म्हणायचं नाही. आईनं दिवसभर सोबत बसायचं, मूल जे करील ते आपण करायचं, आणि एका वहीत लिहायचं : मुलानं कोणता आवाज काढला, त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं.

मी चार महिने बसले. सुजातानं ठोकळा जमिनीवर आपटला की मीही आपटायची, आणि मनात म्हणायची, यासाठी का मी बी.एड. केलं? वही मात्र कोरीच राहिली. शाळेत मी तिच्याजवळून हलतच नव्हते, त्यामुळे तिथं तिनं 'रा' कधी म्हटलंच नाही. संध्याकाळी खोलीवर मी पाण्याला निघाले की म्हणायची, पण तो शब्द थोडाच होता? मॅडमनी एकदा ती कोरी पानं उलटली आणि शांतपणे म्हणाल्या, "टीचर लोग वही लिखते हैं जो सही हो. मैंने सही नहीं, सब लिखने को बोला था." मला राग आला.

मग रजा संपत आली. हजर व्हा म्हणून कार्यालयाचं पत्र आलं. नवऱ्यानं निरोप धाडला की जेवढं करायचं तेवढं केलंस, आता ये. माझंही मन तेच म्हणत होतं. एका शनिवारी दुपारी मी मॅडमना सांगितलं की आम्ही कायमचं जातो. त्यांनी थांबवलं नाही. वही माझ्या पिशवीत घातली आणि सुजाताच्या केसांवरून हात फिरवला.

निर्मलच्या बसस्टँडवर, आमच्या गावाकडे जाणाऱ्या उटनूरच्या गाडीला वेळ होता. सुजाताला गाठोड्याजवळ, खांबाला टेकून बसवलं आणि मी चौकशीच्या खिडकीकडे गेले. फार तर वीस पावलं. मागून आवाज आला, 'रा'. मी वळले नाही. पुन्हा आला, 'रा, रा'. मी खिडकीच्या गजांना धरून उभी राहिले. मनात आलं, मागून मागून थकले, आता मागायचंही संपलं. जे आहे ते हेच आहे.

परत आले तर सुजाताजवळ एक म्हातारी बसली होती. पलीकडे सीताफळांची टोपली घेऊन बसलेली ती मला येताना दिसली होती. टोपली तशीच उघडी सोडून ती इकडे आली होती. सुजाताचा हात तिच्या गुडघ्यावर होता, आणि माझी मुलगी, जी माझ्याकडे धड बघत नव्हती, तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी घाबरून विचारलं, काय झालं, पडली का?

"कुछ नै हुआ, अम्मा," म्हातारी म्हणाली. "बच्ची बुलाई, मैं आई."

मला कळलं नाही. मी म्हटलं, तिला बोलता येत नाही.

"बोली ना. 'रा' बोली. बुलाए तो आना नै क्या?"

तेलुगूत 'रा' म्हणजे ये. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या भागात बाजाराला जाणाऱ्या पोरासोरांनाही ते ठाऊक असतं. शेजारच्या बाई हात पसरून दिवसभर तिला हेच म्हणायच्या, 'रा, रा'. ज्या कुशीत ती वाढली त्या कुशीची भाषा ती शिकली होती. गेली दोन वर्षं ती उंबऱ्याशी उभी राहून मला बोलावत होती, आणि मी तिच्या ओठांवर बोट ठेवत होते. हिंदीतलं 'आई' म्हणजे आले, तेही मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी माझ्या कानांनी ते मराठीतच ऐकलं. बच्ची बुलाई, मैं आई. जी बोलावल्यावर आली, ती आई.

मी तशीच उलट्या पावलांनी पाच-सहा पावलं मागे गेले. सुजातानं माझ्याकडे पाहिलं, हात हलवला. 'रा'. मी गेले. पुन्हा मागे सरले. 'रा'. पुन्हा गेले. आठव्या की नवव्या वेळेला ती हसली. म्हातारीही हसली, आणि एक पिकलेलं सीताफळ फोडून तिच्या हातात देऊन आपल्या टोपलीकडे गेली. उटनूरची गाडी लागली आणि सुटली. मी गाठोडं उचललं आणि सुजाताला कडेवर घेऊन शाळेत परत गेले. मॅडमनी माझ्या पिशवीतून वही काढून पुढ्यात ठेवली. पहिल्या पानावर मी लिहिलं : रा. आधी : आई दूर गेली. नंतर : आई आली.

पुढच्या सोमवारी मी त्या म्हातारीला शोधायला गेले. तिच्या जागी दुसरी बाई होती, तिला काही माहीत नव्हतं. नंतरही ती मला दिसली नाही. याचा मी काही अर्थ लावत नाही.

नोकरी सोडणं शक्य नव्हतं. घरी जाऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले का तेलगू येत नाई? पन आपली पोरगी तेलगूत बोलन, हे काऊन समजलं नाई?" आणि स्वतःच आपलं लुगडं पिशवीत भरून निर्मलला जाऊन राहिल्या. दोन वर्षं त्या नातीसोबत चिंचेखाली बसल्या, ठोकळे आपटले, आणि मॅडमपुढे बसून तोंडी वही सांगितली, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. माझ्यापेक्षा त्यांची वही भरलेली असायची. त्यांच्याकडून काही गाळलं जायचं नाही.

वंदनेत आपण शरण जातो म्हणतो. गच्छामि, म्हणजे मी जाते. हा अर्थ मी किती मुलांना समजावून सांगितला असेल. पण शरण म्हणजे हात जोडून एका जागी बसणं, आणि काहीतरी आपल्याकडे येण्याची वाट पाहणं, अशीच माझी समजूत होती. शब्दात तर जाणं आहे. एक अडाणी म्हातारी टोपली उघडी टाकून गेली, तेव्हा मला तो शब्द कळला. त्या बाईचे, मॅडमचे, बेल्लमपल्लीला गेलेल्या त्या शेजारणीचे उपकार मी रोज आठवते. मागणं त्या दिवसापासून सुटलं. ते सोडावं लागलं नाही.

सुजाता आज मोठी आहे. पंचवीस-तीस शब्द बोलते, स्वतःचं जेवण स्वतः वाढून घेते. 'आई' ती अजून म्हणत नाही. मी दुसऱ्या खोलीत गेले की 'रा' म्हणते. तेलुगूत त्याचा अर्थ ये, आणि सासूबाई म्हणायच्या तसं आमच्या बोलीत राहा. ती कोणत्या भाषेत बोलते हे मी आता विचारत नाही. हातातलं काम ठेवते, जाते, आणि तिच्याजवळ राहते.