पिवळ्या रेषेच्या आत

धक्क्यावर त्याला सगळे बगळा म्हणत. पिवळं जाकीट, काटकुळे पाय आणि सदा वर उचललेला एक हात. जहाजातून कंटेनर उतरवणाऱ्या क्रेनला खालून हाताने इशारे करायचे, हे त्याचं काम. वर केबिनमध्ये त्याचा मेहुणा. बगळ्याने मूठ वळली की क्रेन थांबे, तळवा झुकवला की कंटेनर उतरे, आणि कान खाजवला की दोघं चहाला जात.

मग क्रेन विजेवर आली, तिला कॅमेरे आणि सेन्सर लागले. मेहुणा दूरच्या गारेगार खोलीत पडद्यासमोर जाऊन बसला. जहाजं लवकर सुटू लागली, डिझेलचा धूर गेला. बगळ्याच्या बायकोचं दोरीवरचं धुणं पहिल्यांदाच संध्याकाळपर्यंत पांढरं राहिलं. "उगाच यंत्राला नावं ठेवू नका," ती म्हणाली.

धक्क्याचे साहेब नाकातून बोलत. "काय आहे ना, महिनाभर बघू. क्रेनला तुमची गरज दिसली, तर काय आहे ना, राहाल."

महिना संपत आला. त्या सकाळी बगळा दोन पावलं पुढे सरकला आणि त्याने मूठ वळली. क्रेन जागच्या जागी थिजली! मागे येऊन हात खाली केला, चालू झाली. पुन्हा पुढे, पुन्हा मूठ. पुन्हा थांबली. बगळ्याला आभाळ ठेंगणं झालं. वायरलेसवर तो ओरडला, "बघतोयस ना रे मेव्हण्या? ऐकते की माझं ही सटवी!"

मग मेहुणा दबक्या आवाजात म्हणाला, "दाजी, हाताचं नाही हो ते. तुम्ही पिवळ्या रेषेच्या आत येताय. माणूस आत आला की ती आपोआप थांबते. इथं लाल चौकोन येतो. खाली लिहून येतं, अडथळा."

"आणि माझी मूठ?"

"मूठ नाही दिसत. चौकोनच दिसतो. बाहेर व्हा, साहेब मागेच उभे आहेत."

मागून नाकातला आवाज आलाच. "काय आहे ना, हे सारखं कोण थांबवतंय?"

बगळा बाहेर आला. त्याने मूठ वळली. क्रेन डोक्यावरून निघून गेली. तळवा झुकवला, गेली. शेवटी कॅमेऱ्याकडे बघत त्याने कान खाजवला. क्रेन पुढचा कंटेनर घ्यायला वळली.

मग त्याने एक पाय उचलला आणि रेषेच्या आत टेकवला. क्रेन थांबली.

"दाजी, नका ना हो," मेहुणा म्हणाला. "प्रत्येक खोळंबा तुमच्याच नावावर चढतोय."

बगळ्याने पाय काढला नाही.