दुसरी किल्ली

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, बँकेत सगळे 'दुसरी किल्ली' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना राग यायचा सोडून त्यांची छातीच फुगली. माणसाला कशाचा अभिमान वाटेल, काही सांगता येत नाही.

लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक गिऱ्हाइकाची आणि एक बँकेची. बँकेची किल्ली अण्णांच्या हातात असायची. तळघरात बिनखिडकीची खोली, एक खुर्ची, एक पंखा. गिऱ्हाईक आलं की उठायचं, आपली किल्ली फिरवायची आणि पाठ करून बाहेर जायचं. उभ्या नोकरीत त्यांनी एकाही लॉकरच्या आत डोकावून पाहिलं नाही. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. अण्णांनी पाणी कधी चाखलं नाही, आणि घरात दुसऱ्या कुणाला ओंजळही भरू दिली नाही.

कारण हा कारभार त्यांनी घरी आणला. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा चांगल्या कपबशांच्या कपाटाला दोन कुलपं बघून मला वाटलं, आत दागिने असतील. आत कपबशा होत्या. फोटोंच्या पेटीला दोन कुलपं, ठेवणीतल्या चादरींना दोन कुलपं. एक किल्ली अण्णांकडे, एक सासूबाईंकडे. "दोघं असल्याशिवाय उघडायचं नाही, म्हणजे कुणाच्या मनात पाप येत नाही," असं अण्णा सांगायचे. कपबशीविषयी कुणाच्या मनात काय पाप येणार, हे विचारायची सोय नव्हती. पाहुणे आले की आम्ही कान तुटलेल्या कपांतून चहा द्यायचो, कारण अण्णा बाहेर गेलेले असायचे आणि त्यांची किल्ली त्यांच्या गळ्यात असायची.

सासूबाई याला काही बोलायच्या नाहीत. त्यांची किल्ली त्यांच्या पर्समध्ये एका हिरव्या दोऱ्याला बांधलेली असायची. निम्म्या अधिकारावर त्यांनी अख्खा संसार केला.

सासूबाईंची एकच बहीण, मोठी. आई लवकर गेल्यामुळे हिनंच त्यांना वाढवलेलं, वेणी घातलेली, शाळेत सोडलेलं. ती लग्न होऊन परदेशात गेली, एका बंदराच्या गावी, आणि तिकडचीच झाली. आधी तिच्या घरच्या अडचणी होत्या, मग तिचे गुडघे गेले आणि विमानात बसणं बंद झालं. भेटायचं तर सासूबाईंनीच जायला हवं होतं. अण्णांनी बायकोचा पासपोर्ट काढून ठेवला होता, तो बहिणीकडे पाठवायला नव्हे, तर कागद पुरे असावेत म्हणून. मुदत संपली की तो नवा करून आणायचे. "पुढच्या वर्षी जाऊ," असंही म्हणायचे. पासपोर्ट दोनदा नवा झाला. सासूबाई कुठेही गेल्या नाहीत.

शेवटी माझ्या नवऱ्यानं आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त काढून जहाजाची सफर ठरवली. त्यानं चार सफरींची पत्रकं पुढे ठेवली, तेव्हा सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बोट ठेवलं. "ही. ही ताईच्या गावाला थांबते." जहाज तिथे एक दिवस थांबणार होतं. सकाळी उतरायचं, संध्याकाळी परत. एवढ्या दिवसासाठी सासूबाई तीन महिने शाल विणत होत्या.

तयारीत अण्णांनी माळ्यावरची नवी कोरी बॅग काढली. वर्षानुवर्षं ती प्लॅस्टिकात गुंडाळून, दोन कुलपं लावून ठेवलेली. ओढायला गेले तर चाकांचा भुगा होऊन फरशीवर पडला. न वापरता कुजली होती. त्यातून शहाण्या माणसानं काही धडा घेतला असता. अण्णांनी केरसुणी मागितली.

जहाजावर आमच्या दोन केबिनी समोरासमोर होत्या. प्रत्येक केबिनमध्ये कपाटात छोटी तिजोरी होती, आकडे दाबून उघडणारी. पासपोर्ट तिच्यात ठेवा, बाहेर जाताना जहाजाचं कार्ड जवळ असू द्या, पासपोर्टच्या झेरॉक्स वेगळ्या ठेवा, असं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. अण्णांनी तिजोरीकडे असं पाहिलं की तिलाच लाज वाटावी.

"आकड्यांवर उघडते त्याला तिजोरी म्हणत नाहीत," ते म्हणाले, "त्याला टेलिफोन म्हणतात."

मग त्यांनी बॅगेतून स्वतःची लोखंडी पेटी काढली. डब्याएवढी, पण उचलताना खांदा निखळावा अशी. तिला दोन कड्या, दोन कुलपं. ही कुलपं तीन दुकानं फिरून घेतलेली, करवतीनं न कापणारी, नुसती दाबली की बंद होणारी. चौघांचे पासपोर्ट प्लॅस्टिकात, मग फडक्यात, वर डांबराच्या गोळ्या. किल्ल्या नेहमीप्रमाणे एक त्यांच्या गळ्यात, एक सासूबाईंच्या पर्समध्ये. जादाच्या किल्ल्या घरी कपाटात होत्या. त्या कपाटालाही अर्थात दोन कुलपं.

"अण्णा, पासपोर्ट हाताशी असू द्या," माझा नवरा म्हणाला.

"हाताशी असतं तेच हातचं जातं," अण्णा म्हणाले. अशी वाक्यं त्यांच्याकडे तयार असायची.

बंदर यायच्या आदल्या संध्याकाळी दाराखालून एक चिठ्ठी आली. या देशात उतरताना मूळ पासपोर्ट दाखवावा लागेल, झेरॉक्स चालणार नाही, आणि दुपारी तीननंतर कुणालाही खाली सोडलं जाणार नाही. सासूबाई चिठ्ठी वाचून हसल्या. त्या इतक्या खुशीत होत्या की माझ्याबरोबर पोहण्याच्या तलावावर आल्या आणि पर्स खुर्चीवर टाकून पाय पाण्यात सोडून बसल्या. अण्णा तिथून फिरत फिरत गेले. कुणालाही दिसलं असतं की बायको किती वर्षांनी अशी बसली आहे. अण्णांना पर्स दिसली. उघड्यावर, कुणाचं लक्ष नसलेली.

त्यांनी गुपचूप किल्ली काढून घेतली. केबिनमध्ये जाऊन दोन्ही किल्ल्यांनी पेटी उघडली, चारही पासपोर्ट आहेत ना ते पाहिलं. मग बँकेची सवय. बँकेत संध्याकाळी सगळ्या किल्ल्या मोठ्या तिजोरीत ठेवून तिजोरी बंद करायचे. इथे सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे पेटी. हिरव्या दोऱ्याची किल्ली त्यांनी पासपोर्टांवर नीट ठेवली, झाकण लावलं आणि दोन्ही कुलपं दाबली. टक, टक.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. सकाळी एवढंच कळलं की सासूबाई नवी साडी नेसून, शाल पिशवीत घालून दारात उभ्या आहेत आणि पर्समध्ये किल्ली नाही.

"एक किल्ली सांभाळता येत नाही तुला?" अण्णा कडाडले. "म्हणून मी म्हणतो, बायकांच्या हातात काही देऊ नये."

सासूबाईंनी पर्स पलंगावर उलटी केली. गाद्या उचलल्या, चपला झटकल्या, न्हाणीघरात गुडघ्यावर बसून कोपरे चाचपले. "कालपर्यंत होती हो," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आणि मी अण्णांकडे पाहत होते. मध्येच कधीतरी त्यांना आठवलं. चेहरा उतरला, ओठ हलले, नजर पेटीवर गेली आणि तिथून उडाली. पण बोलले नाहीत. बायको फरशीवर रांगत होती आणि हे गृहस्थ खिडकीतून बंदर बघत राहिले. चोराच्या उलट्या बोंबा परवडल्या, निदान चोराचा आवाज तरी येतो.

मी पेटी उचलून हलवली. आत किल्ली खुळखुळली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून हसता आलं असतं. कुणी हसलं नाही. सासूबाई हळूच उठल्या, साडीच्या निऱ्या झटकल्या आणि म्हणाल्या, "फोडा ती."

"असं कसं फोडायचं?" अण्णांना आता वाचा फुटली. "लॉकर फोडायचा तर त्याला नियम आहे. दोन साक्षीदार लागतात. आत काय निघालं ते लिहून घ्यावं लागतं."

"अण्णा, हा लॉकर नाही," नवरा ओरडला. "हा डबा आहे!"

तो जहाजाच्या माणसाला घेऊन आला. माणूस म्हणाला, पेटी खाली वर्कशॉपमध्ये द्या, पाच मिनिटांचं काम आहे. अण्णा म्हणाले, पेटी खोलीबाहेर जाणार नाही. मग तो हत्यार आणायला गेला. कटर आणला, तो कुलपाच्या कडीवर घसरला. अण्णांच्या तोंडावर तेवढ्यातही समाधान दिसलं. "सांगत नव्हतो? कापली जात नाहीत." मी तेव्हा त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. सून म्हणून बोलू नये असं होतं आणि कमीच होतं.

मग ठिणग्या उडवणारं यंत्र हवं होतं, ते केबिनमध्ये चालवायला परवानगी नव्हती. अखेर पेटी खाली न्यायचं ठरलं, तर माणूस जेवायला गेलेला. अण्णा पेटी छातीशी धरून वर्कशॉपच्या दारात जाऊन बसले, नवरा शेजारी उभा राहिला. मी सासूबाईंजवळ थांबले.

त्या डेकवर आल्या होत्या. खाली धक्का, पलीकडे तारेचं कुंपण, आणि कुंपणाबाहेर चाकाच्या खुर्चीत एक जाड बाई. सासूबाईंनी शाल पिशवीतून काढली आणि कठड्यावर पसरून धरली. खुर्चीतल्या बाईनं हात वर केला. मी फोन लावून दिला.

"ताई, तूच ना गं?"

"मीच. तू उतरत का नाहीस?"

सासूबाईंनी कठड्यावरच्या शालीचं टोक सरळ केलं. "अगं, कागदाचं जरा काम राहिलंय," त्या म्हणाल्या. "येतेच."

नवऱ्याचं नाव तेव्हाही घेतलं नाही. मला त्यांचा राग आला आणि मग रडू आलं.

"किती जाड झालीस गं," सासूबाई फोनवर म्हणत होत्या.

"आणि तू वाळलीस. काही खाऊ घालतात की नाही?"

अशाच बोलत होत्या. वेणी, शाळा, गुडघे. मध्येच ताई म्हणायची, "आता ये ना," आणि ही म्हणायची, "येतेच." तीन वाजून गेले तरी दोघी हेच बोलत होत्या, आणि खाली उतरायच्या जिन्याच्या तोंडाशी साखळी लावून एक शिपाई उभा राहिला.

तेवढ्यात धापा टाकत अण्णा आले. हातात चारही पासपोर्ट, अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास, चेहऱ्यावर विजय.

"मिळाले!" ते म्हणाले. "चारही सुखरूप आहेत. एक पानसुद्धा दुमडलं नाही."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. नवऱ्यानं साखळीजवळ जाऊन हातापाया पडून पाहिलं. शिपाई सभ्य होता, पण त्यानं फक्त घड्याळ दाखवलं. सासूबाई मागे वळल्याच नाहीत. जहाज सुटेपर्यंत शाल कठड्यावर धरून उभ्या राहिल्या, आणि ताई दिसेनाशी झाल्यावर ती घडी करून माझ्या हातात दिली. "पोस्टानं पाठव," म्हणाल्या.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. घरी आल्यावर अण्णांनी पहिलं काम काय केलं असेल, तर नवी पेटी आणि दोन नवी कुलपं आणली. "आधीच्यांपेक्षा चांगली," असं शेजाऱ्यांना सांगितलं. सासूबाईंच्या हातात नवी किल्ली दिली. त्यांनी घेतली आणि तिला हिरवा दोरा बांधला. येणाऱ्याजाणाऱ्याला अण्णा सांगायचे की परदेशात लोकांचे पासपोर्ट हरवतात, चोरीला जातात, आमचे बघा. आम्ही चहा द्यायचो, कान तुटलेल्या कपांतून.

वर्ष उलटायच्या आत एका सकाळी फोन आला. ताई गेली. झोपेतच गेली. शाल अंगावर होती, असं तिच्या मुलानं सांगितलं.

सासूबाई फोन ठेवून बसून राहिल्या. आणि मग अण्णांनी जे केलं ते मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. कुणी न सांगता ते उठले. गळ्यातली किल्ली काढली, पर्समधली हिरव्या दोऱ्याची काढली, पेटी उघडली, प्लॅस्टिक फाडलं आणि सासूबाईंचा पासपोर्ट त्यांच्यासमोर धरला.

"घे," ते म्हणाले. "आजच जायचं असेल तर आजच. मी काही विचारत नाही."

सासूबाईंनी पासपोर्ट घेतला. एकेक पान उलटून पाहिलं. त्या सफरीचे जाण्यायेण्याचे शिक्के सोडले तर सगळी कोरी. मग उठून पेटीपाशी गेल्या, पासपोर्ट होता तिथे ठेवला, वर फडकं नीट पसरलं आणि स्वतःच्या हातानं एक कुलूप दाबलं, मग दुसरं.

"आता नाही लागणार," त्या म्हणाल्या. "आता ठेवा जपून."

आणि दोन्ही किल्ल्या त्यांनी अण्णांच्या तळहातावर ठेवल्या. दोन किल्ल्या एका माणसाजवळ ठेवायच्या नाहीत, हा अण्णांचा जन्माचा नियम. ते हात पुढे करून तसेच उभे राहिले, कुणीतरी एक परत घेईल म्हणून. सासूबाई आत जाऊन दार लावून बसल्या होत्या, आणि मी काही हात पुढे केला नाही.